टेक्स्टमधली ग्रेस्केल इमेज पायथनमध्ये नीट कशी वाचायची: पी२ पीजीएम, पिलो आणि तो एक विसरला जाणारा आकडा

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला. इमेज प्रोसेसिंगच्या प्रॅक्टिकलला तिला एक पीजीएम फाइल (म्हणजे आकड्यांत लिहिलेली ग्रेस्केल, करड्या छटांची इमेज) मिळाली होती, ती वाचायची, थ्रेशोल्ड लावायचा (म्हणजे एका आकड्याच्या वरचं सगळं पांढरं, खालचं काळं करायचं) आणि काळी-पांढरी इमेज दाखवायची, काम एवढंच. रात्री साडेदहाला तिचा फोन, "मावशी, इमेज दिसतीये एकदम छान, पण थ्रेशोल्ड १२८ लावला की सगळं काळंच येतंय गं, दोन संध्याकाळी गेल्या माझ्या." मी म्हटलं कोड राहू दे बाजूला, आधी फाइल नोटपॅडमध्ये उघड आणि मला तिसरी ओळ वाचून दाखव. तिसऱ्या ओळीत होतं १००.

म्हणजे त्या फाइलीत पांढराशुभ्र पिक्सेल म्हणजे १००, २५५ नाही. तिने स्वतः लिहिलेल्या कोडने आकडे जसेच्या तसे उचलले होते, त्यामुळे सगळी इमेजच ० ते १०० मध्ये, मग १२८ च्या वर जाणार कोण? तो तिसऱ्या ओळीतला आकडा म्हणजे मॅक्सव्हॅल, आणि हे फॉरमॅट वाचताना माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुका त्याच्याच भोवती होतात. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट सांगून ठेवते. खाली फंक्शनची नावं आणि आकडे मी देवनागरीत लिहिलेत, एडिटरमध्ये आणि फाइलमध्ये टाइप करताना नावं इंग्रजी स्पेलिंगने आणि अंकही इंग्रजीच घ्यायचे. अंकांचं का ते पुढे येईल, त्यात एक खरी अडचण लपलेली आहे.

फाइल आधी डोळ्यांनी वाचा

पीजीएम हे नेटपीबीएम कुटुंबातलं ग्रेस्केलचं फॉरमॅट. या कुटुंबाची सुरुवात १९८० च्या दशकात जेफ पोस्कँझर यांनी केली, आणि मूळ गरज होती ईमेलमधून चित्र पाठवायची, तेव्हाच्या ईमेलमधून साधं टेक्स्टच धड पोचायचं म्हणून चित्रच टेक्स्टमध्ये लिहायचं ठरलं. त्यामुळे आजही ही फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते, आणि शिकण्यासाठी यापेक्षा चांगलं इमेज फॉरमॅट मला तरी माहीत नाही.

नुसतं वाचू नका, एक फाइल हाताने बनवाच. मी नेहमी ही बनवायला सांगते, यात "ग" हे अक्षर आहे:

पी२
# ग अक्षर
६ ५
१५
० ० ० ० ० ०
१५ ४ १५ १५ ८ १५
१५ ४ १५ १५ ८ १५
४ ४ १५ १५ ८ १५
१५ १५ १५ १५ ८ १५

पहिली ओळ म्हणजे मॅजिक नंबर, कॅपिटल पी आणि दोन. दुसरी ओळ कमेंट, हॅशपासून ओळ संपेपर्यंत जे असेल ते सोडून द्यायचं. मग रुंदी आणि उंची, याच क्रमाने, आधी रुंदी. मग मॅक्सव्हॅल, इथे १५. तो शून्यापेक्षा मोठा आणि ६५५३६ पेक्षा लहान असायला लागतो. आणि मग पिक्सेल, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ० म्हणजे काळा आणि मॅक्सव्हॅल म्हणजे पांढरा. वरची शिरोरेघ पूर्ण काळी, गळ्याचा भाग ४ म्हणजे गडद करडा, काना ८ म्हणजे मधला करडा, बाकी कागद १५. (पी१ म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्याच्या फॉरमॅटमध्ये हे बरोबर उलटं असतं, तिथे १ म्हणजे काळा. एकाचा कोड दुसऱ्याला चिकटवला की निगेटिव्ह दिसतं ते यामुळे.)

मॅक्सव्हॅल मुद्दाम १५ घेतलाय, आणि रुंदी-उंची मुद्दाम वेगळी घेतलीये. चौरस इमेज आणि २५५ घेऊन टेस्ट केली तर निम्म्या चुका सापडतच नाहीत, सगळं बरोबर आहे असं वाटतं आणि खऱ्या फाइलीवर गेल्यावर फसतं.

आता एक गोष्ट मनात पक्की करा, ओळीच्या शेवटाला इथे काहीही अर्थ नाही. मी वर एका ओळीत सहा आकडे लिहिले ते तुम्हाला अक्षर दिसावं म्हणून. तेच तीस आकडे एका ओळीत पाच पाच लिहिले, किंवा एकेका ओळीत एकच लिहिला, तरी इमेज तीच. स्पेस, टॅब, न्यूलाइन सगळं सारखंच, दोन आकड्यांच्या मध्ये काहीतरी मोकळी जागा हवी एवढंच. उलट नियम असा आहे की टेक्स्टवाल्या फाइलीत एकही ओळ ७० कॅरेक्टरपेक्षा लांब नसावी, त्यामुळे मोठ्या इमेजची एक रांग फाइलीत बऱ्याच ओळींवर पसरलेली असते. हे लक्षात न आल्यामुळे काय होतं ते पुढे लोडटेक्स्टच्या वेळी बघू.

ही खरंच पी२ आहे का?

पीजीएमचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचं एक्स्टेन्शन एकच. पी२ म्हणजे टेक्स्ट, पी५ म्हणजे बायनरी. बायनरीत हेडर, म्हणजे पिक्सेलच्या आधीचा भाग, टेक्स्टमध्येच असतो पण पिक्सेल सरळ बाइटमध्ये, मॅक्सव्हॅल २५६ पेक्षा लहान असेल तर पिक्सेलला एक बाइट, नाहीतर दोन, आणि त्यात मोठा बाइट आधी. नावावरून काहीच कळत नाही. चेहरा ओळखण्याच्या प्रोजेक्टला सगळे जो ४० माणसांचे प्रत्येकी १० फोटो असलेला ओआरएल डेटासेट घेतात, ९२ बाय ११२ चे, ते पीजीएमच आहेत पण पी५, तिथे खाली दिलेला टेक्स्टवाला कोड लावला तर कचरा येईल. म्हणून पहिल्यांदा फाइलचे पहिले दोन बाइट छापून बघायची सवय लावा. एडिटरमध्ये उघडल्यावर हेडरनंतर विचित्र चिन्हं दिसली की समजायचं पी५ आहे.

सोपा रस्ता: पिलो

पायथनमध्ये पिलो लायब्ररी ही टेक्स्ट फाइल थेट वाचते, पण ९.२.० या व्हर्जनपासून पुढेच. त्याआधीच्या पिलोला पी५ यायचं, पी२ नाही यायचं, आणि एरर यायची ती "इमेज फाइल ओळखता येत नाही" अशी, त्यामुळे माणूस फाइलवरच संशय घेत बसतो. लॅबमधल्या जुन्या मशीनवर हे अजूनही होतं. तर सगळ्यात आधी पिलो इम्पोर्ट करून त्याचं व्हर्जन छापा, जुनं असेल तर पिपने अपग्रेड करा आणि मगच पुढे या.

मग इमेज मॉड्यूलच्या ओपन फंक्शनला फाइलचं नाव द्या. आलेल्या ऑब्जेक्टचं फॉरमॅट, साइज आणि मोड छापा. आपल्या "ग" साठी साइज येईल ६, ५ आणि मोड येईल एल, एल म्हणजे ८ बिटचा करडा. इथे एक लक्षात ठेवा की ओपन आळशी आहे, ते फक्त हेडर वाचून परत येतं, पिक्सेलला हातच लावत नाही. त्यामुळे फाइलीत आकडे कमी असले किंवा मध्येच एखादं अक्षर घुसलेलं असलं तरी ओपन हसतमुखाने पास होतं आणि एरर येते ती नंतर, तुम्ही पिक्सेल मागता तेव्हा, कोडच्या भलत्याच ओळीवर. म्हणून मी ओपनच्या लगेच खाली लोड कॉल करते. जे फुटायचंय ते तिथेच फुटू दे.

आता नमपायच्या (पायथनमधली आकड्यांच्या हिशोबाची लायब्ररी) अ‍ॅसअ‍ॅरे फंक्शनने त्याचा अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, करा आणि शेप छापा. शेप येईल ५, ६. पिलो रुंदी आधी सांगतं, नमपाय उंची आधी सांगतं, दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोघांची बोलायची पद्धत वेगळी.

आणि आता अ‍ॅरे पूर्ण छापा. हीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. तुम्हाला ०, ४, ८, १५ दिसणार नाहीत. दिसतील ०, ६८, १३६ आणि २५५.

झालं काय, तर पिलोने प्रत्येक आकडा मॅक्सव्हॅलने भागला आणि २५५ ने गुणला. १५ चे २५५ झाले म्हणजे प्रत्येक पायरी १७ ची, सतरा चोक अडुसष्ट, म्हणजे ४ गुणिले १७ बरोबर ६८, आणि ८ चे १३६. दाखवण्यासाठी हे अगदी योग्य आहे, आणि भाचीने स्वतःचा कोड न लिहिता पिलो वापरलं असतं तर तिचा १२८ चा थ्रेशोल्ड पहिल्याच दिवशी चालला असता. पण हे गुपचूप होतं, कुठलीही वॉर्निंग येत नाही, आणि तुमच्या फाइलीतले आकडे हे नुसते उजेडाचे आकडे नसून मोजमाप असतील, समजा जमिनीची उंची, सेन्सरचं रीडिंग, किंवा सेगमेंटेशनची लेबलं (कुठला पिक्सेल कशाचा ते सांगणारे आकडे), तर तुमचा डेटा तुमच्या नकळत बदललेला असतो. लेबल ४ म्हणजे रस्ता असं ठरलंय आणि अ‍ॅरेत ४ कुठेच नाही, सगळीकडे ६८. अशा वेळी माणूस तासन् तास मॉडेलमध्ये चूक शोधतो.

मॅक्सव्हॅल २५५ च्या वर असेल तर मोड एल न येता आय येतो, म्हणजे ३२ बिटचे पूर्णांक, आणि तिथे स्केलिंग ६५५३५ पर्यंत होतं. १२ बिटच्या कॅमेऱ्याची फाइल असेल, मॅक्सव्हॅल ४०९५, तर फाइलीतला १००० हा आकडा अ‍ॅरेत १६००४ होऊन येतो.

मूळ आकडे परत हवे असतील तर उलटा हिशोब करता येतो. एल मोडमध्ये अ‍ॅरे आधी फ्लोटमध्ये न्या, मॅक्सव्हॅलने गुणा, २५५ ने भागा, राउंड करा. स्केलिंग नेहमी लहानाकडून मोठ्याकडे झालेलं असल्यामुळे राउंड केल्यावर मूळ पूर्णांकच मिळतो, काही हरवत नाही. फ्लोटमध्ये न्यायला मात्र विसरू नका, ८ बिटमध्येच गुणाकार केला तर २५५ च्या वर गेलेलं सगळं गुंडाळून परत शून्यापासून मोजलं जातं. आणि मॅक्सव्हॅल फाइलमधून तुम्हालाच वाचावा लागेल. त्यापेक्षा मोजमापाचा डेटा असेल तर स्वतःचा छोटा रीडर लिहिणं मला जास्त भरवशाचं वाटतं, वीसेक ओळींचं काम आहे.

स्वतःचा रीडर

बरेच जण इथे नमपायच्या लोडटेक्स्टकडे धावतात, हेडरच्या ओळी स्किप करायच्या आणि बाकी तक्ता वाचायचा, असा विचार. आपल्या "ग" वर ते चालतंही, आणि तिथेच फसगत होते. लोडटेक्स्टला प्रत्येक ओळीत सारखेच आकडे लागतात. आता ६४० रुंदीची इमेज घ्या, आकडे तीन अंकी धरा, तर ७० कॅरेक्टरच्या ओळीत १७ आकडे बसतात, म्हणजे इमेजची एक रांग फाइलीत सतरा-सतरा आकड्यांच्या ३७ ओळी आणि मग ११ आकड्यांची एक ओळ अशी येते. त्या अकराव्या आकड्याला ओळ संपली की लोडटेक्स्ट म्हणतं कॉलम बदलले, आणि थांबतं. चूक फाइलीची नाही, आपण ओळीला अर्थ दिला ही चूक. हेडर किती ओळींचा आहे हेही ठरलेलं नसतं, कुणी पी२, रुंदी, उंची, मॅक्सव्हॅल सगळं एकाच ओळीत लिहितं, कुणी तीन तीन कमेंट टाकतं, गिम्पमधून एक्स्पोर्ट केली तर दुसऱ्या ओळीत गिम्पची स्वतःची कमेंट असते. त्यामुळे "पहिल्या चार ओळी सोडा" असं कोडमध्ये लिहिलंत तर तो कोड एकाच प्रोग्रॅमच्या फाइलीपुरता झाला.

तर ओळी विसरा, टोकन मोजा, म्हणजे मोकळ्या जागेने वेगळे झालेले तुकडे. असं करायचं:

फाइल बायनरी मोडमध्ये उघडा, म्हणजे ओपनला मोड द्यायचा आरबी, आणि सगळे बाइट एकदम वाचून घ्या. टेक्स्ट फाइल असूनही बायनरी का, ते खालच्या भागात.

त्या बाइटचे स्प्लिटलाइन्सने तुकडे करा, आणि प्रत्येक ओळीत हॅश असेल तर तिथून पुढचं कापून टाका. ओळींचा उपयोग फक्त एवढ्यासाठी, कमेंट कुठे संपते ते कळायला. हे पी२ ला चालतं कारण पिक्सेलच्या भागात अंक आणि मोकळी जागा सोडून काही नसतंच, पण पी५ वर हे चुकूनही करू नका, तिथे ३५ हा करडेपणा असलेला पिक्सेल म्हणजेच हॅशचा बाइट असतो आणि तुमची इमेज मधूनमधून कापली जाईल.

उरलेल्या ओळी मध्ये एकेक स्पेस घालून परत जोडा, आणि स्प्लिट कॉल करा, कंसात काही न देता. कंसात स्पेस दिली तर दोन स्पेस लागोपाठ आल्या की मध्ये रिकामं टोकन येतं आणि इंट, म्हणजे पूर्णांक, करताना फुटतं. रिकाम्या कंसाचं स्प्लिट सगळी मोकळी जागा गिळतं, विंडोजच्या ओळीच्या शेवटी येणारं कॅरेज रिटर्नसुद्धा.

आता टोकनांची यादी हातात आहे. पहिलं टोकन पी२ आहे का बघा, नसेल तर तिथेच स्पष्ट मेसेज देऊन थांबा. दुसरं रुंदी, तिसरं उंची, चौथं मॅक्सव्हॅल, तिघांना इंट लावा. पाचव्यापासून पुढची सगळी टोकनं पिक्सेल, प्रत्येकाला इंट लावून यादी बनवा.

मग तपासण्या. यादीची लांबी रुंदी गुणिले उंची एवढीच आहे का? "ग" साठी ३०. कमी असेल तर फाइल अर्धवट डाउनलोड झालीये, जास्त असेल तर काहीतरी चुकीचं चिकटलंय. सगळ्यात मोठा आकडा मॅक्सव्हॅलपेक्षा मोठा तर नाही ना? सगळ्यात लहान उणे तर नाही ना? या तीन तपासण्या माझ्या प्रत्येक रीडरमध्ये असतात, आणि कुठलीही तुटली तर मी एरर फेकते, गुपचूप दुरुस्त करत नाही.

शेवटी नमपायचा अ‍ॅरे. डेटाटाइप मॅक्सव्हॅल बघून ठरवा, २५५ पर्यंत असेल तर यूइंट८, वर असेल तर यूइंट१६. सवयीने सगळीकडे यूइंट८ लावलं आणि फाइलीत ३०० असेल तर अ‍ॅसटाइप त्याचे ४४ करून देतं, म्हणजे लख्ख उजेडाच्या जागी काळे डाग, आणि एररही नाही. मग रीशेप, म्हणजे सरळ यादीचा तक्ता करायचा, आधी उंची मग रुंदी.

या रीशेपवर थोडं थांबा. फाइलीत रुंदी आधी लिहिलेली असते म्हणून हात आपोआप रुंदी, उंची असं टाइप करतो. ६ गुणिले ५ आणि ५ गुणिले ६ दोन्ही ३०च, त्यामुळे नमपाय तक्रार करत नाही. पण इमेज कशी होते बघा: पहिल्या रांगेत शिरोरेघेचे पाच शून्य, सहावा शून्य दुसऱ्या रांगेच्या सुरुवातीला घरंगळतो, त्याच्यामागे १५, ४, १५, १५, मग तिसऱ्या रांगेत ८ पासून सुरू. प्रत्येक रांग एकेक पिक्सेल सरकत जाते आणि उभा काना तिरका होऊन तुटतो. खऱ्या फोटोत हे तिरक्या पट्ट्यांसारखं दिसतं. असं तिरकं घसरलेलं चित्र दिसलं की मी दुसरं काही न बघता आधी रीशेपची ओळ बघते.

फंक्शनमधून अ‍ॅरे आणि मॅक्सव्हॅल दोन्ही परत द्या. फक्त अ‍ॅरे दिला तर पुढच्या माणसाला, म्हणजे सहा महिन्यांनी तुम्हालाच, पांढरा कितीला आहे ते कळणार नाही. पुढच्या हिशोबाला ० ते १ मध्ये हवं असेल तर अ‍ॅरे फ्लोटमध्ये नेऊन मॅक्सव्हॅलने भागा. अ‍ॅरेतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याने भागू नका, अंधारातल्या फोटोत पांढरा पिक्सेल असेलच असं नाही, आणि मग अंधार उजेड होऊन जातो.

मराठीतली कमेंट आणि ८डी बाइट

आता बायनरी मोड का ते. आपल्या फाइलीत मी "# ग अक्षर" अशी मराठी कमेंट टाकलीये. नोटपॅड ती यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. विंडोजवर पायथनमध्ये एन्कोडिंग न सांगता टेक्स्ट मोडमध्ये उघडलं तर बऱ्याच मशीनवर पायथन सीपी१२५२ हे अक्षरांचं टेबल धरून वाचतं, आणि त्या टेबलात ८डी (हेक्समधला आकडा) या बाइटला कुठलंच अक्षर दिलेलं नाही. आणि आपला हलंत, म्हणजे जोडाक्षर जोडणारं चिन्ह, यूटीएफ-८ मध्ये ई०, ए५, ८डी असा लिहिला जातो. म्हणजे "अक्षर" मधल्या क्ष ने फाइल वाचणं थांबतं! नुसतं "# ग" लिहिलं तर चालतं, "# ग अक्षर" लिहिलं तर "चारमॅप कोडेकला ८डी बाइट डीकोड करता येत नाही" अशी एरर, आणि इमेजचा एकही आकडा अजून वाचलेला नसतो. हे ज्याला माहीत नाही तो म्हणतो मराठीत कमेंट लिहायचीच नाही. लिहा बिनधास्त. बाइट वाचले की हा प्रश्नच येत नाही, कमेंटचे बाइट आपण न वाचताच कापून टाकतो, आणि पायथनचं इंट बाइटमधल्या अंकांवरही चालतं.

अंकांची अडचण म्हटलं होतं ती ही. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि फाइलीत १५ देवनागरीत टाइप झालं, तर टेक्स्ट मोडमध्ये पायथनचं इंट ते आनंदाने १५ म्हणून वाचतं, कारण त्याला देवनागरी अंक कळतात. तुमच्या मशीनवर सगळं चालतं. तीच फाइल पिलोला दिली किंवा मित्राच्या सी प्रोग्रॅमला दिली की तिथे अडते, आणि तुम्ही म्हणता माझ्याकडे तर चालतीये. बाइटवर इंट लावलं तर ही चूक लगेच तुमच्याच मशीनवर पकडली जाते, आणि ते मला जास्त बरं वाटतं, कारण फॉरमॅटमध्ये इंग्रजी अंकच ठरलेले आहेत.

याच घरातल्या आणखी दोन गोष्टी. एडिटरने "यूटीएफ-८ विथ बीओएम" असं सेव्ह केलं तर पी२ च्या आधी तीन न दिसणारे बाइट बसतात, एडिटरमध्ये फाइल एकदम बरोबर दिसते पण पहिले दोन बाइट पी२ नसतात म्हणून लायब्ररी ओळखतच नाही. आणि विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये, ५.१ मध्ये, एखाद्या प्रोग्रॅमचं आउटपुट मोठ्याच्या चिन्हाने फाइलीत वळवलं तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते, म्हणजे प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट. दोन्ही वेळी औषध एकच, पहिले आठ-दहा बाइट छापून बघा, आणि फाइल परत साध्या यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

ओपनसीव्हीने वाचत असाल तर

ओपनसीव्ही या इमेज प्रोसेसिंगच्या लायब्ररीचं आयएमरीड पी२ वाचतं, पण दोन गोष्टी सांभाळा. एक, काही सांगितलं नाही तर ते रंगीत इमेज देतं, म्हणजे आपल्या "ग" चा शेप ५, ६, ३ येतो, तिन्ही चॅनलमध्ये तोच आकडा. ग्रेस्केलचा फ्लॅग द्या, आणि १६ बिटची फाइल असेल तर अनचेंज्डचा, नाहीतर ती ८ बिटवर आणली जाते. दोन, फाइल सापडली नाही किंवा वाचता आली नाही तर ते एरर देत नाही, नुसतं नन (पायथनमधलं "काहीच नाही") परत देतं, आणि फुटतं ते पुढच्या कुठल्यातरी ओळीत. आयएमरीडच्या खाली लगेच नन आहे का हे तपासा. ८ बिटमध्ये स्केलिंग इथेही होतं, १५ चे २५५.

दाखवताना डोळे का फसतात

भाचीचे दोन दिवस खरे गेले ते इथे. तिला इमेज छान दिसत होती म्हणून वाचणं बरोबर आहे असं तिने धरलं, आणि कुणीही तेच धरेल. मॅटप्लॉटलिब या चित्रं दाखवणाऱ्या लायब्ररीचं आयएमशो दोन मितींचा अ‍ॅरे दिला की त्यातला सगळ्यात लहान आकडा काळा आणि सगळ्यात मोठा पांढरा असं स्वतःच ताणून दाखवतं. ० ते १०० ची इमेज, ० ते १५ ची इमेज, ० ते २५५ ची इमेज, तिन्ही पडद्यावर सारख्याच. म्हणून आयएमशोला तीन गोष्टी नेहमी द्या: सीमॅप ग्रे, व्हीमिन ०, आणि व्हीमॅक्सला फाइलीचा मॅक्सव्हॅल. सीमॅप नाही दिला तर जांभळ्या-हिरव्या-पिवळ्या रंगात येते, ते निदान लगेच कळतं. व्हीमॅक्स नाही दिला तर काहीच कळत नाही. भाचीने व्हीमॅक्स २५५ देऊन बघितलं असतं तर पहिल्याच मिनिटाला इमेज काळपट दिसली असती आणि प्रश्न सुटला असता.

परत टेक्स्टमध्ये सेव्ह करायचं असेल तर

पिलो पी२ वाचतं पण लिहिताना पी५ च लिहितं. पी२ उघडली, काही बदललं, त्याच नावाने सेव्ह केली, की तुमची टेक्स्ट फाइल बायनरी झाली, नोटपॅडमध्ये आता काहीच वाचता येणार नाही. मूळ फाइलीवर कधीच सेव्ह करू नका. टेक्स्टच हवी असेल तर ओपनसीव्हीच्या आयएमराइटला पीएक्सएम बायनरी हा पर्याय ० करून द्या, किंवा कमांड लाइनवर इमेजमॅजिकला कॉम्प्रेस नन सांगून पीजीएम लिहायला लावा, किंवा स्वतःच लिहा, हेडरच्या तीन ओळी आणि मग एका ओळीत जास्तीत जास्त १७ आकडे, म्हणजे ७० चा नियम तीन अंकी आकड्यांना आपोआप पाळला जातो. पाच अंकी आकडे असतील तर ११ च ठेवा.

साइजचा अंदाजही ठेवा. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल, पी५ मध्ये जवळपास तेवढेच बाइट, पण पी२ मध्ये प्रत्येक आकड्याला तीन अंक आणि एक स्पेस धरली तर १२,२८,८००, चौपट. आणि पिलोचा टेक्स्ट वाचणारा भाग पायथनमध्येच लिहिलेला आहे, एकेक टोकन घेत जातो, त्यामुळे मोठ्या फाइलींचा ढीग असेल तर हळू वाटेल. तेव्हा मी एकदाच पी२ वाचते, नमपायच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये अ‍ॅरे आणि मॅक्सव्हॅल सेव्ह करते, आणि पुढचं सगळं काम तिथून.

भाचीने त्या रात्री कोडमध्ये दोनच बदल केले, अ‍ॅरेला १०० ने भागलं आणि थ्रेशोल्ड १२८ च्या जागी ०.५ केला. अकरा वाजायच्या आत तिचा मेसेज आला, सोबत काळ्या-पांढऱ्या इमेजचा स्क्रीनशॉट, आणि खाली "ग" वाली फाइलपण पाठव म्हणाली, वर्गातल्या बाकीच्यांनाही तीच अडचण आलीये.